सायबाची पळसपापडी

मामाजी,

तुमच्याशी सरळ, मध्ये कुणालाही न घालता बोलायची ही माझी पहिलीच वेळ. तुम्ही होता तेव्हा ते रीतीत बसत नव्हतं, आणि रीत मोडायची आपल्या दोघांनाही सारखीच धास्ती. काल शेजारची सून काचेच्या भांड्यात तळहाताएवढं कासव घेऊन आली. डोळे सुजलेले, नाकाला बुडबुडे, खात नाही, पीत नाही. "काकू, तुमच्याकडे पूर्वी कासव होतं म्हणे. याला काय करू?" मी मोठ्या तोऱ्यात सांगायला लागले, की आधी ऊब दे, कोमट पाण्यात बसव, मानेच्या घडीत गोचीड आहे का बघ, आणि पोटात जंत असतील तर... आणि तिथं मला जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. ढोरांच्या डॉक्टरकडे घेऊन जा, एवढं कसंबसं सांगितलं. ती बिचारी भांडं छातीशी धरून निघून गेली. म्हातारीचं डोकं फिरलं असंच तिला वाटलं असेल. मी कशाला हसले ते कळेल असं माणूस आता या घरात उरलेलं नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय.

सावली गावातल्या या घरात मी लग्न होऊन आले तेव्हा सायब माझ्या आधीपासून होता. तुम्ही जन्मभर नाकेदार, जंगलाच्या नाक्यावर बसून लाकडाच्या गाड्या तपासायच्या. शेवटची नोकरी सिरोंच्याकडे झाली. तिकडून येताना लोक सागवानी पलंग आणतात. तुम्ही पोत्यात घालून पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं कासव आणलंत. त्याचं नाव सायब ठेवलंत, कारण त्याच्यापुढे काहीही नेलं तरी तो आधी मान आत घेई आणि मग सावकाश विचार करी. सासूबाईंनी पहिल्या दिवशी कपाळाला हात लावला म्हणे, आणि महिन्याभरात त्याच कासवाला आंघोळीनंतर हळदकुंकू वाहायला लागल्या. विष्णूचा अवतार दारी आलाय म्हटल्यावर नैवेद्यही आला. रोजचा दूधभात, एकादशीला साबुदाणा, पोळ्याला पुरणपोळी. सायब कशालाच नाही म्हणत नसे. अवतार विष्णूचा असला तरी पोट कासवाचं आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही आणि सासऱ्यानं सुनेला हाक मारायची नाही, अशी आपल्याकडची रीत. निरोप न्यायला-आणायला मध्ये सासूबाई होत्या. पण लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात त्या तापानं गेल्या. तुमचा मुलगा बल्लारपूरला नोकरीला. शनिवारी यायचा, कधी तेही नाही. उरलो तुम्ही आणि मी, आणि घरात असं मौन की चुलीवरचं आधण ओसरीपर्यंत ऐकू जावं. तेरवी आटोपली आणि एका सकाळी तुम्ही ओसरीवर खाकरलात. अंगणातल्या कासवाकडे बघून म्हणालात, "सायब, आत सांग बाप्पा, आंघोळीले पानी तापव म्हनून." मी दाराआड थिजले. मग पदर पुढे ओढून मीही कासवाकडेच बघत म्हटलं, "सायब, पानी ठेवलं म्हनाव." तुमच्या मिशा किंचित हलल्या, तेवढं मला पदराच्या आडून दिसलं.

त्या दिवसापासून घर बोलतं झालं. भाजीत मीठ जास्त पडलं की सायबाला कळायचं. तुमचा चष्मा कुठं आहे ते मी सायबाला सांगायची. सायब मधोमध बसून भोपळ्याचं फूल खात असे आणि दोन्हीकडचं ऐकून घेई. पुढे पुढे तुम्ही शब्दांची काटकसर करायला लागलात. 'आत सांग' गेलं, 'म्हनून' गेलं. "सायब, चाहा ठेव." मी चहा ठेवायची. "सायब, दार लावून घे." मी दार लावायची. खुद्द कासवाबद्दल काही सांगायचं असलं तर तुम्ही त्याला सायब म्हणत नव्हता. "सायब, कासवाले फुलं टाक," असं त्या कासवालाच सांगायचात आणि मी फुलं टाकायची. बाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटलं असतं. आपल्याला त्यात काही वावगं दिसत नव्हतं, आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच झालं.

त्या हिवाळ्यात सायब आजारी पडला. दिवसभर रांजणाआड डोळे मिटून बसायचा, नाकातून बुडबुडे यायचे, फुलांकडे बघायचाही नाही. मी तोंडाशी धरला तर दूधभात तेवढा चाटायचा. मला कासवाची काळजी होती, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त माझी होती. तुमच्या थोरल्या बहीण, ज्यांना सगळं गोत मोठ्याबाई म्हणायचं, त्या तेरवीला सिंदेवाहीहून आल्या होत्या तेव्हाच चार बायकांत म्हणून गेल्या होत्या, "पोरगी पांढऱ्या पायाची हाये. आली अन् सासूले खाल्लं." आता कासव आजारी असल्याचं त्यांना कुणीतरी कळवलं. त्यांचा निरोप आला, "मी येऊन राह्यली. भावजयीचा देव आहे तो. त्याले काई झालं तं हिले मार्कंड्याले माहेरी नेऊन घालतो." माझं माहेर मार्कंड्याजवळ, नदीच्या काठाला. पण नवऱ्याघरून परत घातलेल्या मुलीला नदी दिसते तेवढीच; बाकी कुणी तोंड बघत नाही. तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत. सायबालाही नाही. ते मला फार लागलं.

तुम्ही ढोरांच्या डॉक्टरला घेऊन आलात. ते सायकल टेकवून बसले आणि त्यांनी विचारलं, "हे खाते काय?" तुम्ही कासवाकडे वळलात, "सायब, डाक्टर पुसून राह्यले, खानं काय चालू हाये?" मी आतून, "सायब, दूधभात म्हनाव." डॉक्टरांनी कासवाकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "हे बोलते काय, भाऊ?" तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "नाई जी. कासव काऊन बोलन? ते फकत आयकते." बिचारे डॉक्टर. "मी तं बैलाचा डाक्टर आहो, पन गोचीड बैलाची काय अन् याची काय," असं पुटपुटत त्यांनी सासूबाईंच्या हळदकुंकवाचा थर नखानं खरवडला. कवचाच्या कडेला आणि मानेच्या घडीत एरंडीच्या बियांसारख्या टम्म गोचिडी निघाल्या. मग फाटकाशी सायकल धरून ते तुमच्याशी कितीतरी वेळ बोलत होते. मी चुलीपाशी होते. मला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही.

आणि संध्याकाळी तुम्ही ओसरीवर बसून नाक्यावरच्या हुकमी आवाजात म्हणालात, "सायब, आयकून ठेव. तुया पोटात जंत झाले. उद्यापासून अन्न बंद, फकत पानी. मानेले करंजाचं तेल लावून उन्हात बसून राहाजो. परवा सकाळी पळसपापडी वाटून गुळासंगं घेजो. पोट साफ होते." पळसपापडी म्हणजे पळसाचं बी, जंतावर आपल्याकडे घरोघर हेच औषध, आणि चव अशी की जंतांनी आपण होऊन घर सोडावं. मी दाराआड उभी होते आणि माझे डोळे भरून आले. सासूबाई गेल्यापासून मी वाळत चालले होते, मधूनच पोटात दुखायचंही. मी कुणाला बोलले नव्हते. आणि माझ्याकडे मान वर करून न बघणाऱ्या माणसाला ते कळलं! मी म्हटलं, "सायब, बरं म्हनाव." त्या रात्री फार दिवसांनी मला शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते तुम्ही पाहिलं नाहीत, सकाळीच तुम्ही शेतावर धानाच्या मळणीला गेला होतात. मी सायबाला दूधभात घातला, स्वतः पाणी प्यायले, मानेला करंजाचं तेल चोपडलं आणि अंगणात उन्हात जाऊन बसले. करंजाच्या तेलाचा वास तुम्हाला माहीत आहे. गाईसुद्धा तोंड फिरवते. शेजारी सायब, त्याच्यापुढे ताटली, आणि मी उपाशी, तेलकट, पदर डोक्यावर घेऊन. अशात फाटक वाजलं आणि मोठ्याबाई आत आल्या. त्यांनी बोचकं खाली ठेवलं, नाकाला पदर लावला. "काऊन वो, हे काय करून राह्यली?" मी म्हटलं, "मामाजीनं सांगितलं." "उन्हात बसाले?" "हो. अन् उपास." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग स्वतःशीच म्हणाल्या, "पाय राहू दे, हिचं तं डोस्कंच गेलं," आणि चूल ताब्यात घ्यायला आत गेल्या.

तिसऱ्या सकाळी मी पळसपापडी घेतली. किती घ्यायची ते तुम्ही सांगितलं नव्हतं; तुमच्या शब्दाला कमी पडू नये म्हणून मूठभर घेतली. त्यानंतरचं लिहिताना आज, या वयातही, कान गरम होतात. माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. लोटा घेऊन परसात, परत, लोटा भरून पुन्हा परसात. तुम्ही ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. जरा वेळानं तुम्ही विचारलंत, "सायब, पापडी घेतली काय?" मी दाराला धरून म्हटलं, "घेतली म्हनाव." "मंग? पडलं काय काई?" मामाजी, धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं त्या वेळी वाटलं. तुम्ही आवाज चढवलात, नीट बघा म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, ते मला मागाहून कळलं. "सायब, लाजू नोको. साफ झालं का नाई? जंत दिसले काय?" मोठ्याबाई हातातलं लाटणं घेऊन चुलीपाशी तशाच थांबल्या. मी डोळे मिटून, सगळा धीर एकवटून म्हणाले, "सायब, साफ झालं म्हनाव. पन जंत काई दिसले नाई."

तुम्ही समाधानानं उठलात आणि खात्री करायला रांजणाआड गेलात. तिथं सायब सुस्त पडलेला, ताटलीत ताजा दूधभात, आणि मागं त्यानं जे टाकलं होतं तेही दूधभातच. तुम्ही वाकून ताटली उचललीत. तिच्याकडे पाहिलंत. मग दाराकडे पाहिलंत, तिथं मी लोटा घेऊन उभी, मानेला तेल, तोंड पांढरंफटक. मला आजही दिसतंय, तुमच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरत जातंय. तुम्ही अंगण ओलांडता, पायरी चढता, आणि ज्या उंबऱ्याच्या आत मी आल्यापासून कधी पाऊल टाकलं नव्हतंत तिथं येऊन उभे राहता. कासवाकडे न बघता, माझ्याकडे बघून म्हणता, "बाई, तू घेतली काय ते?" मी मान हलवली. "अन् उपास?" मी मान हलवली. तुम्ही त्या उंबऱ्यावरच मटकन बसलात. आधी मला वाटलं तुम्ही रडताय. मग कळलं, तुम्ही हसताय. खोकला येईपर्यंत, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत. आणि पुसता पुसता म्हणालात, "जेव वो बाई. आंधी तू जेव. कासव मरते तं मरू दे."

मोठ्याबाई कडाडल्या, "सासऱ्यासंगं बोलली हे!" तुम्ही बसल्या जागेवरून म्हणालात, "ते कुठी बोलली? मी बोललो. मले धाड माहेरी." तुमच्या थोरल्या बहिणीपुढे इतका आवाज तुम्ही त्याआधी कधी काढला नसेल. मोठ्याबाईंनी लाटणं ठेवलं आणि मला भात वाढला. मी जेवत होते आणि पदराआड रडत होते. पापडी कासवाची होती हे एव्हाना मला कळलं होतं, आणि भुकेपेक्षा त्याचं वाईट वाटत होतं. पण 'मरू दे' मात्र माझ्यासाठी होतं. ते काही सायबाला सांगितलं नव्हतं तुम्ही.

मग खऱ्या रोग्याची पाळी आली. दूधभात बंद, कोमट पाण्याचं घमेलं, ऊन, रात्री पोत्याची ऊब. गोचिडी काढायच्या तर मान बाहेर हवी, आणि तुमचा हात दिसला की सायब मान आत ओढायचा. तुम्ही वाळलेली मोहफुलं भिजत घातलीत. ती जरा जास्तच भिजली. सायबानं ती खाल्ली आणि थोड्या वेळानं मान लांब टाकून, चारी पाय पसरून असा पडला, की बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला पडलेली माणसं आठवावीत. तुम्ही त्याला धरलंत. तुमची नजर अधू, म्हणून चिमटा माझ्या हातात. मी तेल लावून एकेक गोचीड ओढत होते आणि तुम्ही मोजत होता. मध्ये फक्त कासवाची रुंदी. तुमच्या हाताला तंबाखूचा वास होता. माझ्या वडिलांच्याही हाताला यायचा.

पापडी या वेळी तुम्ही स्वतः चिमूटभर वाटून पिकलेल्या भोपळ्यात घातलीत, आणि कुणी दुसरं खाऊ नये म्हणून सायबाचं खाऊन होईपर्यंत तिथंच राखणीला बसलात. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही अंगणातून अशी आरोळी ठोकलीत की मला वाटलं साप निघाला. रांजणाआड जंतांचा पुंजका पडला होता. नातू झाल्यासारखे तुम्ही त्याच्यापाशी उभे. मोठ्याबाईंना हाताला धरून आणून दाखवलंत, शेजाऱ्यांना फाटकातून बोलावून दाखवलंत. दुपारी सायबानं डोळे उघडले आणि तरोट्याच्या भाजीचं एक पान खाल्लं. त्या पानाकडे बघून मी जो श्वास सोडला तो अख्ख्या आळीला ऐकू गेला असेल. मोठ्याबाई बोचकं बांधायला लागल्या. जाताना फाटकाशी शेजारणीनं मुद्दाम विचारलं, सुनेच्या पायाचं काय म्हणून. त्या म्हणाल्या, "पायाचं मले ठाऊक नाई बाप्पा. पन पोट साफ हाये पोरीचं." पुढं माझं नाव निघालं की त्या हेच सांगायच्या, आणि यातच सगळं आलं अशा सुरात.

त्या दिवसानंतर रीत पुन्हा होती तशी झाली. तुम्ही ओसरीवर, मी दाराआड, मध्ये सायब. फक्त औषधपाण्याचं असलं की तुम्ही आधी "हे कासवाचं हाये" असं बजावून सांगायचात. पुढच्या वर्षी तुम्ही सायबाला म्हणालात, "घरात बसून काय करते? फायनलच्या परीक्षेले बस." या वेळी चूक व्हायला जागाच नव्हती. मी सातवीची फायनल पास झाले, मग ट्रेनिंग, मग इथल्याच शाळेत मास्तरीण. निकालाच्या दिवशी तुम्ही पेढा सायबापुढे ठेवलात आणि पाठ फिरवून उभे राहिलात. तो मी उचलून खाल्ला. सायबाला पेढा वर्ज्य होता.

तुमच्या शेवटच्या दुखण्यात खाट ओसरीवरच होती. तुमच्या मुलाला बल्लारपूरला राहायला घर मिळालं होतं. तुमच्यानंतर इथं कुलूप लावून मला तिकडं न्यायचं असं त्यानं ठरवलं होतं, आणि तुम्हाला ते माहीत होतं. एका दुपारी मी पेज घेऊन दारात आले. सायब खाटेखाली होता. तुम्ही हात खाली सोडून त्याच्या पाठीवर ठेवलात. "सायब," तुम्ही म्हणालात, "इथीच राहाजो. कुठी जाऊ नोको. हे घर तुयंच हाये." मी दारातच उभी राहिले. पेज निवत गेली. एकदा तुमचं बोलणं अंगावर घेऊन मी लोटा घेऊन धावले होते. पुन्हा तसंच हसं व्हायचं, या भीतीनं मी 'बरं म्हनाव' म्हटलं नाही. तुम्ही डोळे मिटून उत्तराची वाट बघितल्यासारखे पडून राहिलात.

तुमची तेरवी झाली आणि सायब कुंपणाखालच्या फटीतून निघून गेला. धानाचे बांध, तळ्याचा काठ, पळसाची झुडपं, मी सगळं पालथं घातलं. नाही सापडला. मी रिकाम्या रांजणापाशी बसून विचार केला, की त्याला सांगितलं असतं तर तो गेला नसता. तो गेला, म्हणजे ते त्याला नव्हतं. मी बल्लारपूरला जायला नकार दिला. लोकांना शाळेचं कारण सांगितलं. तुमचा मुलगा कुरकुरला, शनिवारी येत राहिला, आणि नोकरी संपल्यावर इथंच येऊन राहिला. आता तोही तुमच्याकडे आहे. तरी मनात एक खुटखुट राहिलीच, की तुम्ही खरोखर कासवालाच सांगत होता, आणि मी पुन्हा एकदा दुसऱ्याचं औषध घेतलं. घेतलं असेल तर असू दे. लागू पडलं.

तेव्हा दारात अडलेलं उत्तर आज देते. नाई गेली, मामाजी. इथीच आहो.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. सासूबाईंच्या हळदकुंकवाच्या डबीखाली घडी करून ठेवीन. आणि एक सांगायचं राहिलं. सरळ बोलते, मध्ये कुणाला घालत नाही, असं सुरुवातीला मोठ्या ऐटीत लिहिलं खरं. पण घरात कुणी नसताना, दार लावून, हे सगळं मी डोक्यावर पदर घेऊन लिहिलंय, आणि जितक्या वेळा 'तुम्ही' लिहिलं तितक्या वेळा माझी नजर अंगणात, रांजणापाशी गेली.